पुण्याहून मुंबई, एका दिवसात, साडेतीन आणि सहा वर्षांच्या मुलांना घेऊन

दुहेरीवेणी
नमस्कार मंडळी. मोठ्याच्या शाळेला गॅदरिंगनंतर मंगळवारची सुट्टी आहे, नवऱ्यालाही रजा मिळतेय. मुंबईला जाऊन त्याच दिवशी परत यायचं ठरवतोय. आम्ही दोघं, मोठा (सहा), धाकटी (साडेतीन) आणि सासूबाई. मुक्काम नको, कारण बुधवारी सगळ्यांना कामं आहेत.

मोठ्याने पुस्तकात पेंग्विन बघितल्यापासून घरातल्या प्रत्येक कागदावर पेंग्विन काढलाय. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे प्राणिसंग्रहालयात, खरे पेंग्विन आहेत. सासूबाईंचं लहानपण चिंचपोकळीच्या चाळीत गेलं. त्या म्हणाल्या, "राणीचा बाग बघून मला वीस वर्षं झाली, मीपण येते." (त्या 'राणीचा बाग'च म्हणतात, 'राणीची बाग' म्हटलं की दुरुस्त करतात.)

यादी अशी झाली आहे: राणीची बाग, म्युझियम, गेटवे, तारांगण, म्हातारीचा बूट, चौपाटी. डेक्कन क्वीनने जाऊन डेक्कन क्वीननेच परत. जमेल का? कुठल्या क्रमाने करू? लहान मुलं घेऊन असं फिरलेल्यांनी मनापासून सांगा, मी पहिल्यांदाच करतेय.

गिरगावकर
अगं, सहातली चार खोड आणि मग पुढे बोलू.

हिशोब कर. डेक्कन क्वीन ७.१५ला पुणं सोडते, १०.२५ला सीएसएमटी. परतीची ५.१०ला सुटते. म्हणजे हातात पावणेसात तास. त्यातून परतीच्या गाडीआधी अर्धा तास स्टेशनात हवा, जेवणाचा पाऊण तास, आणि मुलांच्या शू-शी, पाणी, रडणं, चप्पल काढणं-घालणं यात तासभर सहज जातो. उरले साडेचार तास. राणीचा बाग भायखळ्याला (सासूबाई बरोबर आहेत, आम्ही जुने लोक 'तो बाग'च म्हणतो), गेटवे आणि म्युझियम एकमेकांना लागून, तारांगण वरळीला, म्हातारीचा बूट मलबार हिलवर. चार दिशा आहेत या. साडेतीन वर्षांच्या मुलीला या चारही दिशांना टॅक्सीत कोंबून नेलंस तर तिने मुंबई बघितली नाही, टॅक्सीचं छत बघितलं.

मुख्य मुद्दा झोपेचा. तुझी धाकटी दुपारी झोपते ना? मग दिवस तिच्या झोपेभोवती आख. झोपेआधी एक ठिकाण, झोपेनंतर वेळ उरलाच तर दुसरं. मी दोन नातवंडं वाढवली आहेत. दुपारची झोप चुकवलेलं मूल चार वाजता काय करतं ते मला कोणी सांगायला नको.

सोनचाफा
काकांना +१००.

खाण्याबद्दल माझं ऐकशील तर जेवण घरूनच ने. मागच्या वर्षी आम्ही दोन वर्षांच्या लेकाला घेऊन गेलो होतो. फोर्टातल्या एका उपाहारगृहात अर्धा कप दूध कोमट करून मागितलं तर "आमच्याकडे तसं करत नाहीत" म्हणाले. मूल हमसून रडत होतं आणि मी काउंटरशी हात जोडून उभी होते. तो प्रसंग अजून मनातून जात नाही. तेव्हापासून थर्मासमध्ये गरम पाणी असल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

दहीभात न्यायचा असेल तर पहाटे भात दुधात कालव आणि विरजणाला लावतो तेवढंच, चमचाभर दही घाल. एक वाजेपर्यंत बरोबर लागतो, आंबत नाही. दही घालूनच नेलास तर दुपारी मुलं तोंड वाकडं करतील. सोबत धपाटे, गुळाची पोळी. केळी पिशवीत सगळ्यात वर ठेव.

चारचाकी
माझं मत वेगळं आहे. आपली गाडी न्या. मुलांचे कपडे, खाणं, खेळणी सगळं डिकीत राहतं, झोपलं मूल मागच्या सीटवर आडवं करता येतं, ५.१०चा धाक नाही. एक्स्प्रेसवेने सकाळी सहाला निघालं तर मुंबई लवकर गाठता येते.

गिरगावकर
@चारचाकी, मुंबईत शिरेपर्यंत तुमचं म्हणणं खरं. पुढे काय? दक्षिण मुंबईत गाडी लावायला जागा शोधण्यात नवरा जाणार आणि बायको एकटी दोन मुलं आणि सासू सांभाळत फुटपाथवर उभी राहणार. आणि परतीला दिवसभर पायपीट केलेल्या माणसाने रात्री घाट चढायचा. आगगाडीत बाप मोकळा असतो, मुलांबरोबर खिडकीत बसतो. मुलांना तो दिवस बापासकट मिळायला हवा.

घाटमाथा
रेल्वेतून निवृत्त झालोय, म्हणून गाडीबद्दल लिहितो.

तिकीट: पाच वर्षांखालचं मूल फुकट, पण त्याला सीट नाही. पाच पूर्ण झालेल्याला बसायच्या डब्यात पूर्ण भाडं, अर्धं तिकीट चालत नाही. म्हणजे तुमच्या चार सीटा. तीन तास साडेतीन वर्षांची मुलगी मांडीवर आलटूनपालटून घ्यावी लागेल. परवडत असेल तर तिचंही पूर्ण तिकीट काढा, पैसे वसूल होतात.

डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावतेय. तिला डायनिंग कार आहे, टेबलखुर्चीवर बसून खायचा डबा. मुलांना तिथे नक्की न्या. चीज टोस्ट आणि कटलेट मागवा, खिडकीतून बाहेर झाडं पळताहेत आणि समोर बशी आहे, हे मुलांना फार आवडतं. मात्र गाडी सुटल्यावर लगेच जा, नंतर जागा मिळत नाही.

आता घाट. लोणावळा सोडलं की मुलांना खिडकीत बसवा आणि बोगदे मोजायला सांगा. बोरघाट १८६३ला पूर्ण झाला. त्याआधी खंडाळ्याहून खाली खोपोलीपर्यंत प्रवासी पालखीत नाहीतर तट्टावर बसून उतरायचे आणि तिथे पुढची गाडी धरायचे. चढ १:३७चा, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आगगाडीसाठी हा भयंकर चढ आहे. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना म्हणून तर कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात, ती गाडी ढकलत लोणावळ्यापर्यंत आणतात. मुलांना सांगा, पुढचं इंजिन ओढतं आणि मागची ढकलतात. माझा मुलगा लहानपणी हे ऐकून स्वतः सीटला पाठ लावून गाडी ढकलायचा.

हा घाट खोदताना हजारो मजूर मेले, पटकी आणि अपघातांनी. मी तिथून जाताना अजूनही मनातल्या मनात नमस्कार करतो.

रानवेडा
राणीच्या बागेत लोक प्राणी बघायला जातात आणि झाडांखालून तसेच निघून जातात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. ती १८६०च्या दशकातली बाग आहे, इतकी जुनी आणि इतक्या जातींची झाडं मुंबईत एका जागी दुसरीकडे नाहीत. उर्वशी आहे, गोरखचिंच आहे. आणि कैलासपती नक्की शोधा. त्याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून लोंबणाऱ्या दोरांवर येतात. फूल उघडलं की आत शिवाची पिंड आणि वर नागाचा फणा. खाली पडलेलं एखादं उचलून मुलांच्या हातात द्या, वास घ्यायला सांगा. तोडू नका. सासूबाईंना हे झाड नक्की आठवत असेल.

आणि बागेला लागूनच असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे, तो चुकवू नका. घारापुरीचा आहे तो. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४मध्ये इंग्लंडला न्यायचा म्हणून उचलायला गेले आणि तो पडून फुटला. तुकडे इथे आणले, १९१४मध्ये परत जोडले. मोठ्या मुलाला सांधे शोधायला सांगा.

बुधवारी बाग बंद असते. मंगळवार आहे ते बरं आहे. रविवारी पेंग्विनची रांग बघून मी दोनदा परत फिरलोय.

पाणपोई
ताई, एक गोष्ट सांगायची होती. लिहू की नको असा विचार करत होते.

तीन वर्षांपूर्वी गिरगाव चौपाटीवर आमची चार वर्षांची लेक हरवली. मी भेळेचे पैसे देत होते, नवऱ्याला वाटलं माझ्याजवळ आहे, मला वाटलं त्याच्याजवळ आहे. सहा मिनिटं. ती सहा मिनिटं मी इथे लिहू शकणार नाही. एका भेळवाल्याने तिला उचलून स्टुलावर उभं केलं होतं, म्हणजे ती लांबून दिसावी म्हणून. आम्ही धावत गेलो तर तो तिला कुरमुरे देत होता. त्याच्या पाया पडले मी.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळते. सकाळी निघताना मुलांचा त्याच दिवसाच्या कपड्यांत फोटो काढायचा, कारण त्या क्षणी आपल्याला फ्रॉकचा रंगसुद्धा आठवत नाही. फोन नंबर कपड्याच्या आत शिवायचा, माझ्या आईने नाडीच्या पट्टीवर मार्कर पेनने लिहून टाके घातले होते. आणि मुलांना शिकवायचं, हरवलास तर शोधायला निघायचं नाही, आहे तिथेच उभं राहायचं आणि आईबाबांना त्यांच्या पूर्ण नावाने हाक मारायची. "आई" म्हटलं की गर्दीतल्या दहा आया वळतात.

आणि कोणाजवळ कोण, हे तोंडाने बोलायचं. "आता ही तुझ्याजवळ." समोरच्याने "हो, माझ्याजवळ" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आणि १३९ रेल्वेचा, दोन्ही फोनमध्ये ठेवा.

सोनचाफा
पाणपोई, वाचून अंगावर काटा आला. लिहिलंस ते फार बरं केलंस. हे मी आजच सुरू करते.

पंचगंगा
आमी कोल्हापूरकर महालक्ष्मीनं रात्री बसून सकाळी मुंबईत, आणि परत रात्रीच्याच गाडीनं घरला, असं करायचं म्हणतोय. पोरगी चार वर्षांची. दोन रात्री गाडीत जड जातील का ओ?

गिरगावकर
@पंचगंगा, जाताना नाही, येताना जातील. दिवसभर फिरून रात्री गाडीची वेळ होईपर्यंत मुलीला ठेवणार कुठे? कोणी नातेवाईक असेल तर दुपारी तीन-चार तास त्यांच्याकडे पाठ टेका. नसेल तर मधल्या वेळेपुरती खोली घ्या. पैसे वाचवायची जागा ती नव्हे.

@दुहेरीवेणी, लोकलबद्दल राहिलं. दादरला उतरून भायखळ्याला जायचा मोह होईल, कारण ते वाटेवर आहे. उतरू नकोस. सकाळी दहाला दादरहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाड्यांत ऑफिसची गर्दी असते, मुलं घेऊन चढणं म्हणजे जिवाशी खेळ. सीएसएमटीपर्यंत जा आणि तिथून उलटी स्लो पकड. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, तिसरं स्टेशन. त्या वेळेला गर्दी शहरात येत असते, तुम्ही उलटे जाल, डबा मोकळा मिळेल. मुलं खिडकीशी बसतील.

दुहेरीवेणी
सगळ्यांचे मनापासून आभार. यादी कापली. राणीची बाग नक्की, झोपेनंतर वेळ असेल तर म्युझियम. बाकी पुढच्या खेपेला. धाकटीचंही पूर्ण तिकीट काढलं. सासूबाई पट्ट्या शिवायला बसल्या आहेत.

दुहेरीवेणी
जाऊन आलो! कालच लिहायचं होतं, पण घरी पोचून झोपलो ते सकाळीच उठलो. सविस्तर लिहिते, पुढच्या कोणाला उपयोग होईल.

शिवाजीनगरच्या पुढे धाकटी दोनदा "मुंबई आली?" म्हणाली. लोणावळा सोडल्यावर बोगद्यांची मोजणी सुरू झाली. मोठ्याचे आणि बाबांचे आकडे जुळेनात, शेवटी दोघांनी ठरवलं की परतीला पुन्हा मोजायचे. डायनिंग कारमध्ये जागा मिळाली, घाटमाथा काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे लगेच गेलो. धाकटीने चीज टोस्टचं फक्त चीज खाल्लं आणि टोस्ट आजीला दिला.

दादर सुटल्यावर सासूबाई उठल्या आणि मुलांना घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. परळ गेलं, करी रोड गेलं. "आता बघा हं, आता बघा," म्हणत होत्या. चिंचपोकळी आलं. गाडी तिथे थांबत नाही. जिथे चाळ होती तिथे आता उंच इमारत आहे, त्यांना ती ओळखूच आली नाही. पण पूल ओळखला. "हा पूल! याच्यावरून मी शाळेत जायची!" एवढं म्हणेपर्यंत स्टेशन मागे गेलं. मोठ्याने विचारलं, "आजी, तू एकटी जायचीस?" त्या म्हणाल्या, "नाही रे, आम्ही सात जणी." मग भायखळा येईपर्यंत सातही जणींची नावं सांगितली. मला लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातलं एकही नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

लोकलचं काकांनी सांगितलं ते शंभर टक्के खरं. समोरच्या फलाटावर माणसांचा लोंढा उतरत होता आणि आमचा डबा जवळपास रिकामा. भायखळा स्टेशनची दगडी इमारत फार सुंदर सांभाळली आहे, दोन मिनिटं थांबून बघा. बागेपर्यंत चालतच गेलो. तिकीट आईबाबा आणि दोन मुलं मिळून १०० रुपये, आजीचं वेगळं ५०.

पेंग्विनकडे आधी गेलो. मंगळवारी साडेअकराला रांग दहा मिनिटांची होती. आत अंधार, गारवा, आणि मोठ्या काचेमागे निळं पाणी. हे हम्बोल्ट जातीचे, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, त्यामुळे त्यांना बर्फ लागत नाही, गार हवा लागते. मोठ्याला बर्फ दिसला नाही म्हणून तो आधी हिरमुसला. तेवढ्यात एकाने काठावरून सूर मारला. त्याच्या अंगावरून बुडबुड्यांची पांढरी रेघ निघाली आणि तो सरळ काचेपाशी आला, मोठ्याच्या नाकासमोर वळला. मोठा काही बोलला नाही. दोन्ही तळवे काचेला लावून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "आई, मी पाय चुकीचे काढत होतो. पाय एकदम मागे असतात." घरी आल्यावर आधी जुनी चित्रं काढून बसला आणि सगळ्यांचे पाय खोडून मागे केले.

कैलासपती सासूबाईंनी स्वतः शोधला. विचारावं लागलं नाही, त्या सरळ चालत गेल्या. खाली पडलेलं फूल धाकटीच्या हातात दिलं. तिने वास घेतला, आतला फणा बोटाने उघडून बघितला आणि ते फूल दिवसभर सोडलं नाही. रानवेडा, तुमचे खास आभार. दगडी हत्तीचे सांधेही मोठ्याने शोधले.

एक वाजता जेवलो. सोनचाफा, दहीभात अगदी गोड होता, आता कायम असाच करणार. दीडला धाकटी आजीच्या मांडीवर बाकावरच झोपली. उठवावं का असा विचार आला, कारण म्युझियमला निघायची वेळ झाली होती. नवरा म्हणाला, "राहू दे." मोठा आणि बाबा पाणघोडा पुन्हा बघायला गेले. मी आणि सासूबाई सव्वा तास त्या झाडाखाली बसलो. शेजारची माणसं येत होती, जात होती. इतका वेळ आम्ही दोघी एका जागी, हातात काम नसताना, कधी बसलो होतो मला आठवत नाही. म्युझियम राहिलं. धाकटी उठली ती ताजीतवानी, हसत उठली. संध्याकाळी तिने एकदाही रडून घेतलं नाही.

साडेतीनला परत सीएसएमटी. तिथे एक खेळ आपोआप सापडला, तो सगळ्यांना सांगते. रस्त्यापलीकडे महापालिकेच्या समोर उभं राहून स्टेशनच्या इमारतीवरचे प्राणी शोधायचे. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. मग मोर, माकडं, कमानींतून डोकावणारे कोणकोण. ही इमारत १८८८ची आणि २००४पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे हे आपल्यासाठी, मुलांना वर माकड आहे एवढं पुरतं. पाऊण तास तिथे गेला, एक पैसा खर्च नाही. मग समोरच्या आरामचा वडापाव. धाकटीला पाव, आम्हाला वडा आणि चटणी.

परतीला कर्जतनंतर दोन्ही मुलं झोपली. बोगदे बाबांनी एकट्याने मोजले.

पाणपोई, "ही तुझ्याजवळ", "हो, माझ्याजवळ" दिवसभर केलं. दुपारनंतर धाकटी स्वतःच म्हणायला लागली, "मी आजीजवळ."

पाणपोई
वाचताना डोळे भरून आले. मुलं सुखरूप घरी आली, अजून काय हवं.

घाटमाथा
सुनबाई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या पुलावरून मीही शाळेत गेलोय.

सोनचाफा
स्वच्छतागृहांचं काय? माझी तिथेच अडचण होते.

दुहेरीवेणी
बागेत ठीक होती. तरी धाकटीसाठी मी घडीची पॉटी सीट आणि दोन जाड पिशव्या नेल्या होत्या, एकदा उपयोग झाला. गाडीत पुणे सुटल्या सुटल्या आणि सीएसएमटी यायच्या आधी, असं दोनदा नेलं. साबणाचे कागद जवळ ठेव, पाणी असतं पण साबण असेलच असं नाही. आणि कोणाजवळ तान्हं बाळ असेल तर मोठ्या स्टेशनांवर आणि एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष (बाळाला अंगावर पाजायची खोली) कुठे आहे ते आधी विचारून ठेवा.

पंचगंगा
आमी पण ठरीवलं मग. मे महिन्यात सुट्टी हाय, तवा जावं म्हणतो.

गिरगावकर
मे नको. मुंबईचा मे महिना घामाने मुलं बेजार करतो, त्यात सुट्टीमुळे बागेत पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबर-जानेवारीत या, आठवड्याच्या मधल्या वारी, बुधवार सोडून. आणि दुपारी पाठ टेकायला जागा मिळत नसेल तर इथे लिहा, गिरगावात खोल्या कुठे मिळतात ते मी चौकशी करून सांगतो.